काँक्रीटच्या ब्रुटलिस्ट बिल्डिंगचे फोटो सपाट का येतात?

राखाडी_भिंत: ब्रुटलिस्ट म्हणजे उघड्या काँक्रीटची अवजड बिल्डिंग, समोर उभं राहिलं की अंगावर येते, पण फोटोत नुसता करडा ठोकळा दिसतो, टेक्स्चर गायब आणि वरून भिंती मागे पडल्यासारख्या. लेन्स बदलू का?

तिरपं_ऊन: लेन्स राहू दे, आधी ऊन बघ. लंडनच्या नॅशनल थिएटरचं (१९७६, वास्तुकार डेनिस लॅसडन) काँक्रीट लाकडी फळ्यांच्या साच्यात ओतलंय, त्यामुळे भिंतीवर चक्क लाकडाच्या रेषा आणि गाठी उमटल्यात, पण ऊन भिंतीला घासून जात असेल तरच त्या उठून दिसतात, समोरून ऊन पडलं की सगळं सपाट. त्यामुळे भिंत कुठल्या दिशेला आहे ते बघून वेळ ठरव, सकाळच हवी असं काही नाही.

ट्रायपॉडवाला: भिंती मागे पडतात कारण तू कॅमेरा वर करतोस. कॅमेऱ्याचा सेन्सर भिंतीला समांतर ठेव, म्हणजे कॅमेरा सरळ धर, मागे सरक, खालचा फालतू भाग नंतर क्रॉप कर. टिल्ट-शिफ्ट लेन्स (कॅमेरा न वाकवता फ्रेम वर सरकवता येते ती) भारी असते पण महाग, भाड्याने घेऊन बघ. आणि आभाळ पांढरं असेल तर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो नि काँक्रीट काळपट येतं, +१ पर्यंत एक्सपोजर वाढव.

राखाडी_भिंत: आणि ब्लॅक अँड व्हाइट?

तिरपं_ऊन: सगळे तेच करतात राव! फ्रान्समधल्या मार्सेयच्या युनिते दाबितास्यों या राहत्या बिल्डिंगच्या (१९५२) बाल्कन्यांना लाल-पिवळे-निळे रंग आहेत, ते घालवून काय मिळवणार? पाण्याचे ओघळ, गंजाचे डागही रंगातच बघ. आणि फ्रेममध्ये एखादा माणूस येऊ दे, नाहीतर आकाराचा अंदाजच येत नाही.