सेटल–कार्लाइल : रिबलहेडच्या पुलावरच वाफ संपते, काय चुकतंय?

शिट्टीवाला
ट्रेन सिम्युलेटर गेममध्ये इंग्लंडच्या सेटल–कार्लाइल रेल्वेमार्गाचं अ‍ॅड-ऑन घेऊन तीन आठवडे झाले, अजून कार्लाइल काही दिसलेलं नाही. साठच्या दशकातला सिनॅरिओ, ब्लॅक फाइव्ह इंजिन, मागे आठ डबे. सेटल सोडताना वाफेचा दाब 225, मी खूश. हॉर्टनला 180. रिबलहेडच्या चोवीस कमानींवर येईस्तोवर 110, आणि गाडी पुलाच्या मधोमध उभी. देखावा झकास आहे, पण रोज तोच किती बघायचा? कोळसा तर सारखा टाकतोय. ऑटो फायरमन (आग-पाणी गेमनेच सांभाळायची सोय) लावणार नाही, हट्ट आहे.
शिवाय गार्सडेल स्टेशनवर कुत्र्याचा पुतळा आहे म्हणतात. कॅमेरा फिरवून फिरवून मान दुखली, सापडला नाही.

राखेचा ढीग
सारखा कोळसा टाकतोस, तिथेच गडबड आहे. एकदम ढीग ओतला की आग दबते. थोडा थोडा, पसरून टाक.
पण खरी चूक त्याआधीची वाटते. सेटल जंक्शनपासून रिबलहेडच्या पुढच्या ब्ली मूर बोगद्यापर्यंत साधारण 15 मैल शंभरास एकचा चढ आहे, मध्ये उसंत नावालाच. जुने लोक त्याला ‘लाँग ड्रॅग’ म्हणायचे ते उगाच नाही. चढ लागल्यावर तयारी करून उपयोग नाही. सेटलच्या आधीच बॉयलर काठोकाठच्या जरा खाली भरून घे आणि आग पांढरी धगधगीत कर. चढावर इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र) सुरू केलास की गार पाणी आत जातं आणि दाब पडतो, म्हणून ते थोडं थोडं घे.
कटऑफ, म्हणजे दट्ट्याच्या प्रत्येक फेरीत किती भाग वाफ आत सोडायची ते, किती ठेवतोस?

शिट्टीवाला
50 टक्के. कमी केलं की गाडी मरेल अशी भीती वाटते.

राखेचा ढीग
अरे देवा. मग वाफ धुराड्यातून उधळतोयस. रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) जवळजवळ पूर्ण उघड आणि कटऑफ 30च्या आसपास आण. वेग ताशी 30 मैलांवर आला तरी घाबरू नकोस, तो चालतो. चाकं घसरली तर रेग्युलेटर क्षणभर मिट, मग रुळांवर वाळू सोड.
आणखी एक. चढावर पाणी मागे भट्टीकडे सरकतं, त्यामुळे पाण्याची पातळी दाखवणारी काच भरलेली दिसते. ब्ली मूरला सपाटी आली की तीच काच झपकन खाली येते. तिथे बेसावध राहू नकोस. बोगद्यात रेग्युलेटर बंद करायच्या आधी ब्लोअर (धुराड्यात वाफेचा झोत सोडून आगीला ओढ देणारा) उघड, नाहीतर ज्वाळा केबिनमध्ये येतात. निदान खऱ्या इंजिनात तरी.

डेंटचा वारा
कुत्र्याचं सांगतो. 1980च्या दशकात ही लाइन बंद करायचा घाट घातला होता, तेव्हा आक्षेपांमध्ये एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता. 1989ला लाइन वाचली. त्याच कुत्र्याचा पुतळा बसला 2009ला. तुझा सिनॅरिओ साठचा, म्हणजे तो कुत्रा जन्मायचाच होता!
आणि मनाला लावून घेऊ नकोस. ब्रिटिश रेल्वेची वाफेवरची निरोपाची गाडी 11 ऑगस्ट 1968ला याच मार्गाने गेली, तेव्हा परतीला कार्लाइलहून दोन ब्लॅक फाइव्ह जोडले होते. तू एकाच इंजिनावर भांडतोयस.

शिट्टीवाला
काल रात्री ब्ली मूरचा बोगदा पार! दाब 190, काच अर्धी. डेंटला टाळ्या वाजवल्या, घरचे जागे झाले. मग ऐस गिल या मार्गावरच्या सर्वांत उंच ठिकाणाच्या पुढे उतार लागला. ब्रेकऐवजी खिडकीबाहेर बघत बसलो, वेगमर्यादा ओलांडली, सिनॅरिओ फेल.
उतारासाठी नवीन धागा काढू का इथेच विचारू?