डिस्कवाले म्हणे नॉस्टॅल्जियात अडकलेले काका! हिशोब कोणी केलाय का?

त्रिकोणबटन
परवा एका मुलाने विचारलं होतं, पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल) घ्यायचाय, कुठला घेऊ, डिस्कवाला की डिजिटल, म्हणजे ज्यात गेम फक्त डाउनलोड करायचे. त्यावर बिनकेबल यांचं उत्तर: "आजच्या काळात डिस्कवाला कन्सोल घेणं म्हणजे नव्या फ्लॅटमध्ये लँडलाइन बसवून घेणं. डिजिटल घे, दहा हजार वाचव. डिस्कवाले सगळे नॉस्टॅल्जियात अडकलेले काका आहेत." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथेच लिहायला घेतलं पण फार लांबलं म्हणून वेगळा धागा. काका म्हणालात ते चालेल, हिशोब चुकीचा सांगितलात ते नाही चालणार.

२०२१ च्या फेब्रुवारीत पीएस५ आपल्याकडे आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९०. फरक तेव्हा दहा हजार, मान्य. आता मोठा नवीन गेम ४,९९९ ला येतो. मी तो आल्या आल्या घेतो, महिन्याभरात संपवतो आणि साडेतीन हजाराला काढतो. मला पडला दीड हजाराला. माझ्याकडून घेणारा तो खेळून अडीचला काढतो, त्याला पडला हजाराला. तुमच्या डिजिटलवाल्याने पाच हजार भरले ते भरले, गेम आवडो न आवडो, गळ्यात. तीन गेममध्ये माझे ड्राइव्हचे दहा हजार वसूल होतात, चौथ्यापासून मी फायद्यात. यात नॉस्टॅल्जिया कुठे आला सांगा बरं. आमच्याकडे पाच हजारात कॉलेजच्या पोराची महिन्याची मेस भागून वर चहाचे पैसे उरतात.

आणि डिजिटल घेतलेलं "कायमचं आपलं" म्हणत असाल तर २०२३ च्या डिसेंबरात काय झालं होतं आठवा. लोकांनी पैसे मोजून घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम लायब्ररीतून काढणार म्हणून सोनीने सांगितलं, बोंब झाली तेव्हा कुठे मागे घेतलं. पीएस३ आणि व्हिटा या सोनीच्या जुन्या मशीनचं स्टोअर २०२१ ला बंद करणार होते, तेही बोंब मारल्यावर थांबलं. दर वेळी बोंब मारायला आपण मोकळे आहोत का? पीटी नावाचा डेमो २०१५ ला स्टोअरवरून काढला, ज्याच्या कन्सोलमध्ये होता त्याच्याकडे राहिला, बाकीचे बसले हात चोळत.

बिनकेबल
काका म्हटलेलं इतकं लागेल असं वाटलं नव्हतं :) घ्या उत्तर.

एक तर पहिल्या आठवड्यात पाच हजार घालतो कोण? सहा-आठ महिने दम धरा, सेलमध्ये तोच गेम निम्म्याने मिळतो. तुमची ती विकाविकी मी पण केलेली आहे पीएस४ च्या काळात, मला सांगू नका. रात्री साडेअकराला मेसेज, "भावा फायनल किती". फायनल सांगितलं की "स्टुडंट आहे भावा". मग मेट्रो स्टेशनच्या खाली भर उन्हात उभं राहायचं, समोरचा येऊन डिस्क उन्हात धरून असं बघणार जणू हिरा पारखतोय आणि म्हणणार दोनशे कमी करा. माझ्या वेळेची किंमत तुमच्या हिशोबात कुठेच दिसत नाही.

दुसरं, डिस्कवर असतं काय? पीएस५ वर डिस्क घातली तरी गेम एसएसडीवर (कन्सोलच्या आतल्या साठवणीत) इन्स्टॉल करावाच लागतो, नंतर डिस्क फक्त चावी म्हणून आत बसते. २०२१ च्या पीएस५ ला ८२५ जीबीची एसएसडी, हातात येते ६६७ च्या आसपास, ती तुम्हालाही तेवढीच आणि मलाही. सायबरपंक हा गेम आठवतोय ना, डिसेंबर २०२० चा? सोनीने स्वतः स्टोअरवरून काढला इतका वाईट अवस्थेत होता. तीच अवस्था तुमच्या डिस्कवर कायमची छापलेली आहे, फ्रेम करून लावा.

आणि "द क्रू" हा गेम? ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, डिस्क असलेल्यांचीही गाडी हलली नाही. काँकॉर्ड तर २३ ऑगस्टला आला आणि ६ सप्टेंबरला गेला, त्याचीही डिस्क होती. तुमची डिस्क आणि माझं लायसन्स एकाच खड्ड्यात.

कऱ्हाडचा_पाहुणा
दोघेही शहरातले दिसताय. मी तालुक्याच्या गावातला माणूस, आमच्याकडे फायबर आत्ता आत्ता आलं, तेही जेसीबीने कुठे रस्ता खोदला की दोन दिवस गायब. त्याआधी मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर काय डाउनलोड करणार होतो, शंभर जीबीचा गेम? लाइट गेली की डाउनलोड थांबणार, आली की पुन्हा चालू करायला कोणीतरी घरात पाहिजे, आईला सांगितलं तर ती टीव्हीचाच स्विच बंद करून ठेवते. डिस्क घातली की निदान साठ-सत्तर जीबी तरी डिस्कवरून उतरतात, उरलेला पॅच (नंतरच्या दुरुस्त्यांचं डाउनलोड) रात्री लावायचा. बिनकेबल साहेब तुमच्या वेळेला किंमत आहे, आमच्या नेटला पण आहे.

बाकी डिस्क कोणाला देऊ नये या मताचा मी आहे. मे महिन्यात मावसभाऊ आला होता, जाताना एक घेऊन गेला. परत दिली तेव्हा मागून अशी दिसत होती की तिच्यावर कोणी भांडी घासलीत. आता मध्यावर येऊन अडकते.

जुनाबाजार
@पाहुणा, साधी पांढरी टूथपेस्ट लावा, जेलवाली नको. बोटाने हलक्या हाताने चोळायची, धुवायची, मऊ फडक्याने पुसायची. पीएस२ च्या काळात चिप बसवलेल्या मशीनवर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या पायरेटेड डीव्हीड्या आम्ही अशाच वर्षानुवर्षं चालवल्या.

लेन्सवाला
अहो थांबा थांबा!! पाहुणे, पेस्ट लावली नसेल तर लावू नका.

सीडीचा डेटाचा थर वाचायच्या बाजूपासून १.२ मिमी आत असतो, डीव्हीडीचा ०.६ मिमी. मधलं सगळं पॉलिकार्बोनेट. त्यावर चरा पडला तर पेस्टमधली बारीक पूड चऱ्याच्या कडा घासून गुळगुळीत करते, लेझर विखुरत नाही, म्हणून चालायची तुमची डीव्हीडी. पीएस४-पीएस५ च्या डिस्क ब्लू-रे असतात, आणि ब्लू-रेचा थर फक्त ०.१ मिमी आत असतो. इतका वर असतो म्हणून तर त्यावर कडक कोटिंग देतात. पेस्ट ते कोटिंगच खराब करते. नुसतं स्वच्छ फडकं, मधून बाहेर सरळ रेषेत, गोल गोल नाही. गोल पुसताना खडा अडकला तर चरा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि एरर करेक्शनला (न वाचलेला डेटा भरून काढणाऱ्या यंत्रणेला) आडव्या चऱ्यापेक्षा असा चरा जड जातो.

जुनाबाजार
पुस्तकी ज्ञान झालं. मी पीएस४ च्या दोन डिस्कला लावलेली आहे, दोन्ही चालतात. डोळ्यांनी बघितलेलं खोटं का?

लेन्सवाला
त्या फडक्याने पुसूनही चालल्या असत्या. बोटांचे तेलकट डाग गेले, चरे तिथेच आहेत. बॅटरीच्या उजेडात धरा आणि बघा.

जुनाबाजार
तुम्ही काय माझ्या घरी येऊन बघितलं का चरे होते की डाग होते? प्रत्येक धाग्यावर हे असंच, मागे थर्मल पेस्टवरही तुम्ही एकाला रडवला होतात.

लेन्सवाला
तो सीपीयूला फेव्हिकॉलच्या जाडीने पेस्ट लावत होता. रडणारच.

मम्मी_मॅच_सुरूय
हहपुवा (हसून हसून पुरती वाट). कन्सोल घ्यायला पैसे नाहीत पण हा धागा सोडवत नाही. पेस्टचं पुढे चालू द्या, घरात आजोबांची एक खराब झालेली भीमसेन जोशींची सीडी आहे तिला लावली तर चालेल का? सीडी आहे, ब्लू-रे नाही, लेन्सवाले ओरडू नका.

लेन्सवाला
सीडीला चालेल. पण चरा छापील बाजूला असेल तर विसरा, सीडीत डेटा त्या बाजूलाच लाखेच्या थराखाली असतो, तो उडाला की कुठलीच पेस्ट कामाची नाही. लोक उलट समजतात आणि सीडी छापील बाजूवर घासत ठेवतात. आधी कॉपी करून घ्या, मग प्रयोग.

डेट्रॉइटकर
मूळ विषयावर येऊ का? आमच्या इथल्या पब्लिक लायब्ररीत गेमच्या डिस्क मिळतात, पुस्तकासारख्या, कार्ड दाखवा घेऊन जा. मुलांनी कितीतरी गेम एक पैसा न देता खेळले. डिजिटलमध्ये हे कसं करणार? बाय द वे डिस्कव्हरी म्हणालात तर मी त्यातलाच एक होतो, मिथबस्टर्सचे सीझन घेतले होते मुलीसाठी. "घेतले होते" असं आपलं मला वाटत होतं.

वकीलसाहेब_नाही
हाच मुद्दा आहे आणि तुम्ही लोक पेस्ट चोळत बसलात. २०१२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने यूज्डसॉफ्ट प्रकरणात सांगितलं की कायमच्या लायसन्सने विकलेलं सॉफ्टवेअर पुढे विकता येतं. मग २०१९ ला पॅरिसच्या कोर्टाने स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातले गेमही विकता आले पाहिजेत म्हटलं, आणि २०२२ ला वरच्या कोर्टाने ते फिरवलं, गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नाही म्हणून. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला तो एवढाच की तुम्ही लायसन्स घेताय हे दुकानाने स्पष्ट सांगावं. म्हणजे लुटा, पण सांगून लुटा. बिनकेबल, तुमचं "सेलमध्ये निम्म्याने" हे दुकानदाराच्या मर्जीवर आहे. सेकंडहँड बाजार आहे म्हणून त्याला सेल लावावा लागतो. तो बाजार मेला की बघू किती दम धरता.

बिनकेबल
स्टीमवर कुठला सेकंडहँड बाजार आहे हो? तरी सगळ्यात मोठे सेल तिथेच लागतात. थिअरी छान आहे, पीसीवर लागू पडत नाही.

वकीलसाहेब_नाही
पीसीवर दुकानं चार आहेत, एकाच्या डोक्यावर दुसरा बसलाय. आणि जीओजीवर तर इन्स्टॉलर उतरवून हार्डडिस्कवर ठेवता येतो, लॉगिन नको काही नको. पीएस५ च्या डिजिटलवर दुकान एकच. दुसरं कुठलं असेल तर दाखवा.

बिनकेबल
बरं, हा एक मुद्दा दिला तुम्हाला. पेढे वाटा.

कऱ्हाडचा_पाहुणा
आमच्याकडे पोरांनी यावर पण उपाय काढलाय, डिजिटलमधलं सेकंडहँड. प्राइमरी अकाउंट, सेकंडरी अकाउंट असं, म्हणजे गेम घेतलेल्या अकाउंटचं लॉगिनच विकतात ग्रुपवर, पाच हजाराचा गेम बाराशेला. मी घेतलं होतं एक. आठवडाभर मस्त चाललं, मग विकणाऱ्याने पासवर्ड बदलला आणि मला ग्रुपमधून काढून टाकलं. तक्रार कोणाकडे करणार, घेतानाच नियमाबाहेर घेतलेलं. डिस्क असती तर निदान घरी येऊन तरी न्यावी लागली असती त्याला.

त्रिकोणबटन
पाहुण्यांनी माझं काम सोपं केलं. परवडत नाही म्हणून लोक असल्या भानगडीत पडतात, डिस्क हा त्यातला एकमेव सरळ मार्ग आहे.

@बिनकेबल, द क्रू आणि काँकॉर्ड हे ऑनलाइनचे गेम, सर्व्हरशिवाय त्यात काहीच नाही, ते डिस्कच्या विरोधात कसं मोजता? सायबरपंकची डिस्क आज घातली तर पॅच उतरतो आणि गेम उत्तम चालतो. स्वस्तातही मिळते. हे विसरू नका की २०१३ ला एक्सबॉक्सवाले सेकंडहँड डिस्कवर बंधनं आणणार होते, लोक चवताळले आणि त्याच जूनमध्ये त्यांनी जाहीर माघार घेतली. तेव्हा सगळे "डिस्क जुनाट झाली" म्हणत बसले असते तर आज माझ्या या हिशोबाला जागाच नसती.

बिनकेबल
आणि तुम्ही हे विसरू नका की पीएस५ प्रो ड्राइव्हशिवायच आला. वारं कुठे वाहतंय बघा.

त्रिकोणबटन
तो आपल्याकडे आला कुठे तेव्हा! नोव्हेंबर २०२४ ला जगात निघाला, भारतात नाही, कारण त्याच्या वायफायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ बँडला इथे परवानगी नव्हती. जो कन्सोल तेव्हा इथे मिळतच नव्हता त्याच्या वाऱ्यावर मी का उडू?

बिनकेबल
ठीक आहे. ज्याला महिन्याला गेम घेऊन विकायची हौस आहे, उन्हात उभं राहायची तयारी आहे, त्याने डिस्क घ्यावी. मी कुठे नको म्हटलं?

त्रिकोणबटन
"नॉस्टॅल्जियात अडकलेले काका" म्हटलं होतंत.

बिनकेबल
काका शब्द मागे. नॉस्टॅल्जिया राहू दे, वर लॅमिंग्टन रोडवाल्याचा प्रतिसाद वाचा एकदा.

डेट्रॉइटकर
नवीन पीएस५ चा ड्राइव्ह वेगळा काढता-घालता येतो, तो जोडणं हा मधला मार्ग नाही का? आत्ता डिजिटल घ्या, पुढे वाटलं तर ड्राइव्ह.

लेन्सवाला
आहे, पण तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, कन्सोलशी जोडी जुळवावी लागते सर्व्हरवरून. वीस वर्षांनी तो सर्व्हर नसेल तर नवा ड्राइव्ह लावून उपयोग नाही. डिस्कवाल्यांनी खरं यावर चिडायला पाहिजे.

त्रिकोणबटन
हे माहीत होतं, मुद्दाम लिहिलं नव्हतं. धन्यवाद.

जुनाबाजार
@लेन्सवाला, आज पीएस४ च्या तिसऱ्या डिस्कवर पेस्ट लावून आधीचा आणि नंतरचा फोटो टाकतो, मग बोला.

लेन्सवाला
टाका. फक्त डिस्क स्वतःची घ्या, मित्राची नको.