झेड ड्राइव्ह गायब झाला की बॅच फाइल टाका, हा सल्ला देणं बंद करा

फोंडेकर: काल इथे एकाने लिहिलं, ऑफिसात नेटवर्क ड्राइव्ह (सर्व्हरवरचं फोल्डर, जे पीसीवर झेड वगैरे अक्षराने दिसतं) गायब होत असेल तर स्टार्टअपला नेट यूजची बॅच फाइल (ड्राइव्ह परत जोडणारी छोटी स्क्रिप्ट) टाका, विषय संपला. संपत नाही हो, दडतो. गायब म्हणजे नक्की काय ते तरी आधी विचारा. नुसती लाल फुली आहे आणि क्लिक केल्यावर उघडतो, तर काही बिघडलेलं नाही, १५ मिनिटं कुणी वापरलं नाही की सर्व्हर कनेक्शन सोडतो, ती वेळ सर्व्हरवर बदलता येते. एक्सप्लोररमध्ये दिसतो पण 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलेल्या सॉफ्टवेअरला दिसत नाही, तर ते यूएसीचं, म्हणजे विंडोजच्या परवानगी विचारणाऱ्या सुरक्षेचं काम, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एनेबल-लिंक्ड-कनेक्शन्स १ करा. आणि डोमेन (सगळे पीसी एका सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था) असेल तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे तिथून सगळ्यांना लागणाऱ्या सेटिंग्जमध्ये, ड्राइव्ह मॅपला (ड्राइव्ह जोडण्याच्या सेटिंगला) 'रिप्लेस' ठेवलंय का बघा, तिथे 'अपडेट' हवं. रिप्लेस म्हणजे पॉलिसी रिफ्रेश झाली की ड्राइव्ह काढून परत लावायचा, साधारण दीड-दोन तासांनी. पणजीत पाटोच्या एका ऑफिसात हेच चाललं होतं. अकाउंटंट बाईंची एक्सेल उघडी, सेव्ह करायला गेल्या की पाथ सापडत नाही, म्हणून त्या फाइल डेस्कटॉपवर घेऊन काम करायच्या, शेवटी एकाच कोटेशनच्या चार कॉप्या आणि खरी कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. तिथे बॅच काय करणार?

म्हापशाची मीनल: आमचं सहा जणांचं ऑफिस. डोमेन नाही, आयटीवाला नाही, एएमसीवाला (देखभालीचं कंत्राट घेतलेला) फोन उचलत नाही. ग्रुप पॉलिसी आम्ही कुठून आणायची? विंडोज टेनच्या १८०९ आवृत्तीत लॉगिननंतर ड्राइव्ह जोडलेच जात नव्हते तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टने स्क्रिप्ट लावा म्हणून सांगितलं होतं. मग आम्ही लावली तर चूक?

फोंडेकर: १८०९ चं मान्य. पण तो तात्पुरता उपाय होता, कारण माहीत असताना दिलेला. कारण न बघता लावणं वेगळं.

डिचोलीवाला: तुम्ही दोघंही लाईटबद्दल बोलतच नाही? जूनमध्ये ढग गडगडले की लाईट गेलीच. पीसीला यूपीएस, सर्व्हरला यूपीएस, आणि नेटवर्क स्वीच, सगळे पीसी एकमेकांना जोडणारा डबा? तो वर लॉफ्टवर धूळ खात, थेट प्लगला. लाईट नुसती लपकली तरी स्वीच बंद पडून परत चालू होतो आणि सगळ्यांचे ड्राइव्ह एकदम लाल. लोक मग रजिस्ट्री उघडून बसतात!

वेर्णा शिफ्ट: यूपीएस घेतात आणि बॅटरी मेली तरी बदलत नाहीत, त्याचं काय? आमच्याकडे सगळं इन्व्हर्टरवर आहे.

डिचोलीवाला: इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे का आधी बघ. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला वेळ जास्त लागतो, तेवढ्यात स्वीच आणि राउटर दोन्ही बसतात. वर राउटरने सर्व्हरला नवीन आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला आणि ड्राइव्हचं मॅपिंग जुन्या आयपीवर असलं, की मग शोधत बसा.

वेर्णा शिफ्ट: तुला काय वाटतं, आम्हाला मोड माहीत नाही? प्लांट चालवतो आम्ही!

डिचोलीवाला: प्लांट चालवता मग स्वीचला एक यूपीएस का परवडत नाही बाबा?

म्हापशाची मीनल: परवडत नाही असं नसतं, मालकाला पटत नाही असं असतं. पंखा बंद झाला तर त्यांना कळतं, स्वीच बंद झाला ते कळत नाही, ओरडा मात्र आम्ही खायचा. आणि फोंडेकर बाब, लाईट आल्यावर पीसी आधी उठतात, सर्व्हर मागाहून, तेव्हा माझी बॅचच कामाला येते. सर्व्हर पिंगला ('आहेस का' या हाकेला) उत्तर देईपर्यंत ती थांबते, मग मॅप करते.

फोंडेकर: थांबणारी बॅच असेल तर चालेल, हे आधीच लिहायचं होतं ना. कालच्या पोस्टमधली थांबत नाही, एरर ५३ (नेटवर्क पाथ सापडला नाही) देऊन मरते. वर तिच्यात आधीचा ड्राइव्ह काढणारी डिलीट आहे, मधेच कुणी चालवली तर उघड्या फाइल्स तुटतात. त्यावर मी अजून ठाम आहे.

म्हापशाची मीनल: माझ्या बॅचमध्ये डिलीट नाही. लाल फुलीचं मात्र सांगा, आमचा सर्व्हर म्हणजे साधा विंडोज प्रो पीसी, त्यावर ती वेळ बदलते का?

फोंडेकर: बदलते. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टला नेट कॉन्फिग सर्व्हर, स्लॅश ऑटोडिस्कनेक्ट, कोलन, उणे १, म्हणजे सर्व्हर कनेक्शन आपणहून सोडणार नाही. एवढं करा आणि आठवडाभर बॅच काढून बघा.

म्हापशाची मीनल: कमांड करते. बॅच पावसाळा संपेपर्यंत काढणार नाही.