क्यूची लांबी किती ठेवावी? सरासरी 8 मेसेज, तरी 16 जागा भरतात

बेदाणा_नोड
तासगावचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. तापमान-आर्द्रतेचे 100 सेन्सर, प्रत्येकाचा दर 5 सेकंदांनी 48 बाइटचा मेसेज, म्हणजे सेकंदाला 20. ईएसपी 32 (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) गेटवे म्हणून ते क्यूत, म्हणजे मेमरीतल्या रांगेत घेतो आणि एसपीआय फ्लॅश या कायमस्वरूपी मेमरी चिपवर लिहितो. लिहिण्याआधी फ्लॅशचा 4 केबीचा भाग (सेक्टर) पुसावा लागतो, आणि तोवर मेसेज क्यूतच थांबतात. डेटाशीटप्रमाणे या सेक्टर इरेजला साधारण 45, जास्तीत जास्त 400 मिलिसेकंद. तेवढ्यात सरासरी 8 मेसेज येतात म्हणून दुप्पट, 16 ची क्यू ठेवली. तरी मेसेज गळतात. लाइट जाऊन आली की तर फारच. अंदाजाने आकडा वाढवण्यापेक्षा हिशोब कसा मांडायचा?

कृष्णाकाठ
"सरासरीच्या दुप्पट" हा नियम सोडून द्या. सेन्सर आपापल्या वेळी बोलत असतील तर 400 मिलिसेकंदांत येणारे मेसेज साधारण प्वासाँ वितरणाने (स्वतंत्र घटना ठरावीक वेळेत किती घडतील याचं गणित) येतात, आणि त्यात प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, सरासरीचं वर्गमूळ असतं. सरासरी 8 ला ते 2.8, सरासरी 80 ला 8.9. म्हणून 8 ला 99.9 टक्के खात्रीसाठी 18 जागा लागतात, 80 ला मात्र 109 च्या आसपास पुरतात; तिथे दुप्पट म्हणजे उधळपट्टी. सेन्सरच्या गटागणिक वेगळ्या क्यू करू नका, याच कारणाने. एकच सामाईक क्यू कमी मेमरीत भागवते.

मिरज_फर्मवेअर
99.9 वर थांबू नका. एका सेक्टरमध्ये 85 मेसेज मावतात, म्हणजे सव्वाचार सेकंदांनी एक इरेज, दिवसाला सुमारे 20,000. प्रत्येक इरेज 400 मिलिसेकंदांचा धरला, तर 16 जागा अपुऱ्या पडण्याची शक्यता 0.0037, म्हणजे दिवसाला 75 वेळा गळती. 18 ठेवल्या तरी 13 वेळा. आधी ठरवायचं ते "किती दिवसांत एकदा चालेल" हे. वर्षातून एकदा चालणार असेल तर 26 जागा पुरतात. 18 वरून 26, म्हणजे फक्त 384 बाइट जास्त! प्वासाँचं शेपूट, म्हणजे सरासरीपेक्षा खूप जास्त मेसेज येण्याची शक्यता, इतक्या वेगाने खाली येतं की इथे कंजूषपणा करण्यात अर्थ नाही. सरळ 32 ठेवा, 1,536 बाइट.

पण हे सगळं सेन्सर एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. लाइट आल्यावर सगळे एकदमच बूट होत असणार.

बेदाणा_नोड
हो, सगळे एकाच फेजवर आहेत. हेच कारण आहे की नाही, हे कसं तपासू?

मिरज_फर्मवेअर
गेटवेवर मेसेज आल्याची वेळ नोंदवा आणि दर 100 मिलिसेकंदांत किती आले ते मोजा. सरासरी 2 येईल. भिन्नता म्हणजे व्हेरियन्सही (प्रमाण विचलनाचा वर्ग) 2 च्या आसपास असेल तर प्वासाँ धरायला हरकत नाही. शंभरच्या शंभर 100 मिलिसेकंदांच्या एकाच खान्यात पडले तर भिन्नता 196 पर्यंत जाते. प्रत्यक्षात गर्दी दोन-तीन खान्यांत विभागली जाईल, पण आकडा 2 च्या कितीतरी पट दिसेल. 32 च्या क्यूचा तिथे काही उपयोग नाही. इरेज चालू असताना 100 आले तर 68 जाणारच.

कृष्णाकाठ
यावर उपाय सेन्सरमध्ये करावा लागतो. बूट झाल्यावर 0 ते 5 सेकंदांचा यादृच्छिक विलंब द्या. यादृच्छिक आकडा वायफाय चालू केल्यावर घ्या. ईएसपी 32 मध्ये रेडिओ बंद असताना तो आकडा खऱ्या अर्थाने यादृच्छिक असेलच असं नाही.

एवढ्यावर भागत नाही. फक्त बूटच्या वेळी विलंब दिला आणि त्यात योगायोगाने काही सेन्सर जवळजवळ आले, तर तीच गर्दी दर 5 सेकंदांनी परत येत राहते. मिरजवाल्यांचं "वर्षातून एकदा" तिथेच कोलमडतं. म्हणून प्रत्येक फेरीत 4.5 ते 5.5 सेकंदांतला नवा आकडा घ्या.

हे जमेपर्यंत क्यू 128 ची ठेवा, 6 केबी. ईएसपी 32 ला जड नाही. सोबत दोन काउंटर ठेवा: क्यूची आजवरची कमाल पातळी आणि गळालेले मेसेज. कमाल पातळी 26 च्या वर दिसली तर क्यू वाढवू नका, आधी पुन्हा भिन्नता मोजा.