जॉन्सन वकील नव्हता हो!

तळटीप: काल इथे कुणीतरी सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशातल्या 'एक्साइज' या नोंदीचा फोटो टाकला. वर मथळा, 'कायद्याच्या शब्दाचा खरा अर्थ हवा तर जुन्यात जुना कोश उघडा, नंतरच्यांनी पाणी घातलंय.' खाली वाहवा. दुर्लक्ष करणार होतो, जमलं नाही.

अहो, काय लिहिलंय ते तरी वाचा. 'मालावर बसवलेला द्वेष्य कर. तो ठरवतात नेहमीचे न्यायाधीश नव्हेत, तर कर ज्यांना मिळतो त्यांनी भाड्याने ठेवलेले नीच लोक.' ही व्याख्या आहे का? हा तळतळाट आहे. त्याच्या वडिलांचं लिचफिल्डला पुस्तकांचं दुकान, जोडीला चर्मपत्राचा धंदा, आणि त्या धंद्यावरून एक्साइजवाल्यांशी वाजलेलं. पोराने कोशात उट्टं काढलं. खात्याने अ‍ॅटर्नी जनरल विल्यम मरेंना विचारलं, तेही म्हणाले की ही बदनामी आहे. खटला मात्र झाला नाही.

बरं, बाकीच्या कायद्याच्या शब्दांचं काय? कितीतरी नोंदींखाली एकच नाव, कॉवेल. त्याचा कोश १६०७ चा. म्हणजे जॉन्सनच्या ताटात दीडशे वर्षांचं शिळं. आणि हा कॉवेल केंब्रिजला रोमन कायदा शिकवायचा, इंग्लंडच्या कोर्टात चालणारा कायदा नव्हे. 'किंग' या शब्दाखाली त्याने राजाला कायद्याच्या वर बसवलं. पार्लमेंट खवळलं आणि १६१० मध्ये खुद्द जेम्स राजाला ते पुस्तक बंद करायचा जाहीरनामा काढावा लागला. घ्या, 'खरा अर्थ'!

जुनं_ते_सोनं: फोटो मीच टाकला होता. तुमचा सूर पाहून वाटलं, मी कुणाची जमीन लाटली. एक शिवराळ नोंद दाखवून अख्खा कोश निकालात? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये बंदूक बाळगण्याच्या हक्कावरच्या हेलर खटल्यात 'आर्म्स' (शस्त्रं) म्हणजे काय हे ठरवताना हाच जॉन्सन काढला, १७७३ ची आवृत्ती. सोबत कनिंगहॅमचा १७७१ चा कायदेकोश. ते न्यायाधीश अडाणी का? घटना लिहिली तेव्हा लोक त्या शब्दाने काय समजायचे, हे जुन्या कोशातच सापडणार. तुमच्या मोबाईलमध्ये नाही.

तळटीप: निकाल पाच विरुद्ध चार लागला, तेवढं सोयीने गाळलंत.

जुनं_ते_सोनं: पाच चारपेक्षा जास्त असतात. मीही शाळेत गेलोय.

काळा_डगला: वीस वर्षं दिवाणी कोर्टात उभी राहते आहे, म्हणून बोलते. दोघंही अर्धवट. 'मॉर्गेज', म्हणजे गहाण, घ्या. शब्दशः 'मेलेलं तारण'. मेलेलं का? कोशवाले सतराव्या शतकातल्या इंग्रज न्यायाधीशाचं, लॉर्ड कोकचं, स्पष्टीकरण देतात, पैसे फेडले नाहीत तर जमीन ऋणकोला मेली, फेडले तर सावकाराला मेली. ऐकायला झकास. पण बाराव्या शतकातल्या ग्लॅनव्हिलच्या इंग्रजी कायद्यावरच्या ग्रंथात वेगळंच आहे. जमिनीचं उत्पन्न सावकार खातो आणि मुद्दलातून दमडी वजा होत नाही, ते मेलेलं. उत्पन्न कर्जात वळतं होतं, ते जिवंत. मग 'जुन्यात जुना' म्हणजे नक्की कितवा मजला, दादा?

बांधावरचा: ताई, हे तर आमचं ताबेगहाण झालं! पीक व्याजात, मुद्दल जागच्या जागी. आजी म्हणायची, 'रान आपलं, कणगी त्याची.'

विषय निघालाच आहे तर सांगतो. आज्याने १९५४ साली अडीच एकर ८०० रुपयांना दिलं. अख्खा गाव त्याला 'मुदत खरेदी' म्हणायचा. पाच वर्षांत पैसे टाकले की रान परत. चौथ्याच वर्षी आज्या पैसे बांधून गेला, तर सावकार म्हणतो, 'कसली मुदत? ही खरेदी आहे.' परत देण्याची अट वेगळ्या चिठोऱ्यावर होती, सावकाराच्या सहीची. कोर्टाने ती धरली नाही.

काळा_डगला: धरणारच नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५८, १९२९ ची दुरुस्ती. परतीची अट त्याच दस्तात नसेल तर ते गहाण ठरत नाही. त्याआधी निदान भांडायला जागा होती. तुमचा गाव जुन्या अर्थावर चालत होता आणि कायदा पंचवीस वर्षं पुढे गेला होता.

बांधावरचा: गावाला कोण सांगायला आलं होतं? दस्त लिहिणाराही तेच म्हणाला, 'मुदत खरेदी आहे, घोर नको.' आज्याला सही येत नव्हती, अंगठा दिला. आता चूक आज्याची का?

काळा_डगला: चूक म्हटलं नाही मी. कायदा सांगितला.

बांधावरचा: तेच सावकाराचा वकीलही म्हणाला होता.

जुनं_ते_सोनं: बघा! जुना अर्थ धरला असता तर याचं रान वाचलं असतं. माझाच मुद्दा.

तळटीप: कमाल आहे. जुन्या अर्थावर विसंबला म्हणून रान गेलं, आणि मुद्दा तुमचा?

शाई_पुसणी: मधेच घुसते, माफ करा. मी दस्तांची भाषांतरं करते. 'इन्फंट' म्हणजे इंग्रजी कायद्यात १९६९ पर्यंत एकवीस वर्षांच्या आतला कुणीही. जॉन्सनने लहान मूल आणि हा कायद्यातला अर्थ, दोन्ही दिलेत, तेवढं श्रेय द्या त्याला. परवा एका नवशिक्याने जुन्या दस्तातल्या 'इन्फंट'चं 'अर्भक' केलं. अर्भक एकोणीस वर्षांचं, दोन पोरांचा बाप! आपण तरी काय, सातबाऱ्यावर अल्पवयीनाला 'अज्ञान' लिहितोच.

तळटीप: ठीक. 'इन्फंट'पुरता जॉन्सन बरा. समाधान?

जुनं_ते_सोनं: लेखी दिलंत, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. 'एक्साइज'ची नोंद रागातली, हे मीही मानतो. दारूच्या दुकानाच्या परवान्यासाठी तुम्ही कधी खेटे घातले असते तर तुम्हीही तेच लिहिलं असतं.

काळा_डगला: बांधावरचे, तो चिठोरा अजून आहे का? रागावू नका, वाचून बघायचाय. खरेदीखतात त्याचा उल्लेख आहे का, तेही बघा.

बांधावरचा: ट्रंकेत आहे. घडीवर फाटलाय, मधली ओळ जाते. 'मुदत' एवढं वाचता येतं. दिवाळीला गेलो की फोटो काढतो, ताई.