कुलूपबंद फोनने यूएसबीशी बोलावंच कशाला?

कडीकोयंडा:
२५ डिसेंबर २०२४ रोजी सर्बियात एका विद्यार्थी आंदोलकाचा लॉक असलेला अँड्रॉइड फोन पोलिसांनी सेलेब्राइट या कंपनीचं, लॉक फोडायचं यंत्र लावून उघडला, असं अ‍ॅम्नेस्टीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. फोनमधल्या नोंदींत वेबकॅम, जुनी साउंडकार्डं, टचपॅड असं एकामागून एक जोडल्याचं दिसतं. खरं तर त्यातलं काहीच जोडलेलं नव्हतं, एकच यंत्र बहुरूप्यासारखी सोंगं घेत होतं.

या सोंगांनी कोडमधली तीन भोकं साखळीने वापरली. यातलं वेबकॅमचं भोक बघा. कॅमेरा जोडला की तो स्वतःची कुंडली पाठवतो: माझ्याकडे हे फॉरमॅट, या फ्रेम. अँड्रॉइडच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, लिनक्स आहे; त्यातला कॅमेरे हाताळणारा कोड, यूव्हीसीव्हिडिओ ड्रायव्हर, ती दोनदा वाचतो. पहिल्यांदा फ्रेम मोजून मेमरी घेतो, दुसऱ्यांदा भरतो. मोजताना शून्य क्रमांकाच्या, म्हणजे 'अनडिफाइन्ड' प्रकारच्या फ्रेम धरल्याच नव्हत्या, भरताना मात्र काही फॉरमॅटमध्ये त्याही आत यायच्या. पंगतीत पानं मांडली वीस आणि जेवायला बसले बावीस. वरचे दोघे शेजाऱ्याच्या पानावर, म्हणजे न घेतलेल्या मेमरीत. ही चूक २००८ पासून, ड्रायव्हर कर्नलमध्ये आला त्या २.६.२६ आवृत्तीपासून होती. दुरुस्ती काय? लूपच्या अटीत एक शब्द वाढवला: प्रकार शून्य असेल तर आत शिरू नकोस.

माझं म्हणणं, असे शब्द किती वर्षं वाढवत बसणार? लॉक असताना नवं उपकरण ओळखूच नये. लिनक्समध्ये त्यासाठी 'ऑथराइज्ड' नावाचा खटका केव्हापासूनच आहे. फोनमध्ये तो बंद ठेवा, विषय मिटला.

सोल्डरवाले:
असहमत. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले फुटलेला, टच गेलेला फोन आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. लेकराचे फोटो आत, बॅकअप नाही. आम्ही काय करतो? ओटीजी (फोनला यूएसबी उपकरण जोडायचा अडॅप्टर) लावतो, साधा माउस जोडतो, गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने पिन टाकतं, डेटा काढतो. तुमचा खटका बंद असेल तर तो माउस मेला. सर्बियातल्या पोलिसांपायी इथल्या बाईचे फोटो का जावेत? चूक सापडली, एका शब्दात दुरुस्त झाली. दुरुस्ती म्हणतात ती यालाच.

कडीकोयंडा:
बरं, कीबोर्ड-माउसला सूट देऊ. कॅमेरा आणि साउंडकार्ड बंद.

रिकामटेकडा_देव:
सूट नेमकी तिथेच नको! त्या साखळीतलं एक भोक कीबोर्ड-माउसच्याच कोडमध्ये होतं, सीव्हीई-२०२४-५०३०२ (सीव्हीई म्हणजे अशा भोकांना मिळणारा नोंद-क्रमांक). रिपोर्टसाठी, म्हणजे उपकरणाशी देवाणघेवाण करायच्या माहितीसाठी, घेतलेली मेमरी पुसून न घेता वापरली जायची, त्यामुळे कर्नलमधलं शिळंपाकं बाहेर दिसायचं. म्हणजे माउस चालू ठेवलात तरी खिडकी उघडीच.

मी तर म्हणतो कोड काढूनच टाका. दुसरं भोक, ५३१९७, क्रिएटिव्हच्या एक्स्टिजी आणि डिजिडिझाइनच्या एमबॉक्स या जुन्या साउंडकार्डांसाठीच्या खास कोडमध्ये होतं. उपकरण आधी सांगतं माझी कॉन्फिगरेशन इतकी, मग पुन्हा विचारल्यावर आकडा फुगवून सांगतं, आणि ड्रायव्हर मुकाट्याने मान डोलावतो. फोनला एक्स्टिजी जोडलेला माणूस कोणी पाहिलाय का?

तानपुरा:
एक्स्टिजी नाही, पण फोनला यूएसबी इंटरफेस जोडून गाणं रेकॉर्ड करणारी मी आहे. आज एक्स्टिजी काढाल, उद्या माझं. 'कोण वापरतं' हे ठरवणारे नेहमी न वापरणारेच असतात.

पॅच_कधी_येणार:
तुम्ही दाराच्या कडीवर भांडताय आणि इथे सुतारच वेळेवर येत नाही. तारखा लावून बघा. कॅमेऱ्याची दुरुस्ती कर्नलमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, डिसेंबरच्या सुरुवातीला तिला ५३१०४ हा क्रमांकही मिळाला. फोन उघडला गेला पंचवीस डिसेंबरला. अँड्रॉइडच्या मासिक पॅचमध्ये ती आली फेब्रुवारी २०२५ ला, माउसची मार्चमध्ये, साउंडकार्डाची एप्रिलमध्ये. ही गूगलची तारीख झाली, कंपनी तुमच्या फोनवर कधी पाठवेल ते वेगळंच. माझ्या दोन वर्षं जुन्या फोनची पॅच-तारीख हलेचना म्हणून सेवा केंद्रात गेलो, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, नवीन मॉडेल बघा ना."

दुरुस्तीचा कोड सगळ्या जगाला दिसतो. भोक कुठे होतं ते त्यावरूनच कळतं. उशीर करणं म्हणजे चोराला नकाशा देऊन कुलूप नंतर पाठवणं.

रिकामटेकडा_देव:
+१. पण रस्टमध्ये, म्हणजे मेमरीची हद्द तपासणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत, लिहिलेला ड्रायव्हर असता तर एकविसावा माणूस बसतानाच फोन आपटून रीस्टार्ट झाला असता. पडला असता, उघडला नसता.

सोल्डरवाले:
सतरा वर्षांचा कोड नव्याने कोण लिहिणार, तुम्ही? आणि कडीकोयंडासाहेब, आयफोनमध्ये तुमची कडी २०१८ पासून आहे. लॉक होऊन तास उलटला की यूएसबीवर फक्त चार्जिंग. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅपलला आयओएस १८.३.१ घाईने काढावं लागलं, कारण लॉक असतानाच ती कडी काढता येत होती. शेवटी कडी हाही कोडच.

कडीकोयंडा:
मान्य. तरी दोन दारं फोडावी लागणं आणि एक, यात फरक आहे. मधला मार्ग सांगतो: कडी मुळातच लावलेली असावी, आणि मालकाने फोन उघडा असताना एखाद्या माउसला आधीच परवानगी देऊन ठेवावी.

सोल्डरवाले:
म्हणजे डिस्प्ले फुटायच्या आधी गिऱ्हाईक माझ्या दुकानात येऊन माझ्या माउसला परवानगी देऊन जाणार? इथे माणसं टफन ग्लास लावायला येत नाहीत, राव.