मदत हवी आहे: मातीच्या सेव्हन-इन-वन सेन्सरचे एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) आकडे लॅबशी जुळत नाहीत

वाफसा:
उसाची भारी काळी जमीन. पाच सुयांचा आरएस-४८५ (तारेवरून आकडे पाठवायची पद्धत) सेन्सर मॅक्स-४८५ चिपमधून ईएसपी-३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडलाय, पुरवठा १२ व्होल्ट, बॉडरेट (आकडे पाठवायचा वेग) ९६००. एरर काही नाही, पण आकडे बघा (मिग्रॅ/किलो):

ओलावा २२% – नत्र ३८, स्फुरद ५१, पालाश १२२
पाणी दिल्यावर ३८% – नत्र ७४, स्फुरद ९९, पालाश २३६

मधल्या काळात खताचा कणही टाकलेला नाही. लॅबचा रिपोर्ट: नत्र १९६, स्फुरद १४, पालाश ५२० किलो/हेक्टर. सेन्सर बिघडलाय, की कोडमध्ये गुणक घालून जुळेल?

मिलीसीमेन्स:
आधी एकक सारखं करा. वरच्या १५ सेंमी थरासाठी मिग्रॅ/किलोला २.२४ ने गुणलं की किलो/हेक्टर मिळतं. तुमचं स्फुरद ५१ म्हणजे ११४ झालं, लॅबचं १४. पाण्यानंतरचं पालाश ५२९ येतं, म्हणजे रिपोर्टच्या अगदी जवळ. त्यावर भाळू नका, योगायोग आहे.

खरी गोम अशी की तिन्ही आकडे एकाच पटीत, साधारण १.९४ ने वाढलेत. या सुयांना नत्र-स्फुरद-पालाश ओळखताच येत नाही. त्या ईसी (मातीची विद्युतवाहकता) मोजतात आणि आतला प्रोग्राम तिला तीन ठरावीक गुणकांनी गुणतो. पाणी दिलं, ईसी चढली, तिघंही चढले. पटत नसेल तर लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात अर्धा ग्रॅम मीठ विरघळवून सुया बुडवा. मिठात यातलं एकही नाही, तरी आकडे दिसतील.

गुणक भरायची रजिस्टरं (सेन्सरच्या मेमरीतले कप्पे) काही मॉडेलांत असतात. पण तो गुणक त्याच शेताला आणि त्याच ओलाव्याला लागू. विहिरीचं खारं पाणी दिलं की गणित परत फसलं.

वाफसा:
म्हणजे पैसे पाण्यात? निदान नत्र तरी शेतावर मोजायचंय.

चुनखडी:
पाण्यात कशाला, ओलावा, तापमान आणि ईसीसाठी वापरा. मात्र सुया वरून खुपसू नका. भेगाळलेल्या जमिनीत सुयांभोवती हवा राहते आणि रीडिंग पडतं. १५ सेंमी खड्डा घेऊन त्याच्या भिंतीत आडव्या दाबा.

नत्रासाठी नायट्रेट इलेक्ट्रोड (द्रावणातलं नायट्रेट मोजणारा प्रोब) घ्या. १० ग्रॅम ओली माती + ५० मिली अॅल्युमिनियम सल्फेटचं द्रावण (१८ पाण्याचे रेणू असलेलं मीठ, लिटरला १६.७ ग्रॅम). पाच मिनिटं जोरात हलवा, गाळ बसू द्या, वरच्या निवळीत मोजा. नुसत्या पाण्यात काळी माती तासन्‌तास बसत नाही. कॅल्शियम क्लोराइडने बसते, पण क्लोराइडमुळे हा इलेक्ट्रोड नायट्रेट जास्त दाखवतो.

कॅलिब्रेशनला पोटॅशियम नायट्रेट १.६३ ग्रॅम/लिटर म्हणजे १००० पीपीएम (मिग्रॅ/लिटर) नायट्रेट. त्यातून १० आणि १०० पीपीएमची द्रावणं त्याच सल्फेटच्या पाण्यात करा. साध्या पाण्यात केलीत तर फरक येतो. उन्हात तापलेली बाटली आणि सावलीतला नमुना हेही चालणार नाही, दोन्ही एकाच तापमानाला आणा.

हिशोब: रीडिंग (पीपीएम नायट्रेट) ÷ ४.४३ = द्रावणातलं नायट्रेट-नत्र. माती २०% ओली (कोरड्या वजनावर) असेल तर त्याला ६.२ ने गुणा. रीडिंग २० आलं तर सुमारे २८ मिग्रॅ/किलो.

हा आकडा रिपोर्टच्या १९६ शी ताडून बघू नका. लॅबमध्ये नत्र बहुतेक अल्कलाइन परमँगनेटने काढतात, त्यात सेंद्रिय नत्राचाही काही भाग येतो. स्फुरद-पालाशसाठी मात्र नमुना लॅबलाच द्या, आणि चुनखडीची जमीन असेल तर स्फुरद ऑल्सेन पद्धतीनेच काढलंय ना, हे रिपोर्टवर बघून घ्या.